सभासद शिक्षण : ‘त्यातूनच कापून घ्या’ म्हणून बघा



लागणीची खोली, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, खताची मात्रा असे विषय आपण या पत्रिकेत नेहमी वाचता. या अंकातला धडा पिकाचा नाही, पैशाचा आहे. पण तयार फडात रात्रीतून रानडुकरांचा कळप शिरावा तसा हा प्रकार आहे. म्हणून पिकाइतक्याच काळजीने तो वाचावा आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा, ही विनंती.

विषय असा. कोणीतरी आपल्याला मोठी रक्कम देऊ करतो. कधी ते कर्ज असते, कधी बक्षीस, कधी टॉवरचे भाडे, तर कधी अडकलेली ठेव. रक्कम मिळण्याआधी ‘फक्त एवढी फी भरा’ असे तो सांगतो. आपण भरतो. मग दुसरी फी निघते, नंतर तिसरी. मोठी रक्कम येत नाही आणि भरलेली लहान रक्कमही परत मिळत नाही. सगळा प्रकार एवढाच आहे. तरीही शिकलेसवरलेले लोक यात कसे अडकतात आणि आपण कसे वाचायचे, ते पाहू.

१. आधी आपले ऊसबिल आठवा

ऊस काट्यावर येतो, वजन होते, टनेज नोंदले जाते. बिल निघते तेव्हा त्यातून सोसायटीचे कर्ज, उधारीवर नेलेले बेणे आणि खत, ठरलेल्या इतर कपाती वजा होतात. उरलेली रक्कम आपल्या खात्यावर जमा होते. कपात जास्त झाली म्हणून आपण शेतकी ऑफिसात जाऊन भांडतोसुद्धा. पण आजवर कोणी आपल्याला असे म्हटले आहे का, की ‘तुमचं दीड लाखाचं बिल तयार आहे, मात्र आधी कपातीचे वीस हजार रोख आणून भरा, मग बिल सोडतो’? तसे कोणी म्हणालेच, तर अडाण्यातला अडाणी सभासदही म्हणेल, ‘अहो, त्यातूनच कापून घ्या की!’

आता दुसरी गोष्ट आठवा. आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. हंगामाआधी वाहतूकदार मुकादमाला उचल देतो, मुकादम कोयत्यांना देतो आणि टोळी बांधली जाते. ज्याला काम करून घ्यायचे तो आधी पैसे देतो. उचल घेऊन टोळी आलीच नाही, म्हणून ट्रॅक्टर विकायची पाळी आलेले वाहतूकदार आपल्यात आहेत. उचल बुडणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग विचार करा. जो माणूस आपल्याला दहा लाख देणार म्हणतो, तोच आपल्याकडे अडीच हजारांची उचल मागतो. देणाराच आधी मागू लागला, की गंगा उलटी वाहू लागली असे समजावे.

२. फोन येतो तो असा

खालचा प्रसंग समजुतीसाठी रचलेला आहे. पण या प्रकारात पायऱ्या साधारण अशाच असतात.

समजा, एका सभासदाचा ऊस जानेवारीत तुटून गेला. कायद्याने, म्हणजे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने, ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे लागते. पण कायदा कागदावर राहतो आणि बिल लांबते. इकडे मुलीचे लग्न ठरलेले, ठिबकचे काम अर्धे झालेले. अशा वेळी मोबाईलवर जाहिरात दिसते : ‘दहा लाखांपर्यंत कर्ज, जामीनदार नको, सिबिल नको, दोन तासांत मंजुरी.’ सभासद नंबर लावतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, ‘सर’ ‘सर’ करतो. आधार कार्ड, पॅन कार्ड, सातबारा आणि पासबुकाचा फोटो मागवून घेतो. तासाभरात शिक्क्याचे मंजुरीपत्र व्हॉट्सॲपवर येते. त्यावर अशोकस्तंभ असतो, बँकेचे बोधचिन्ह असते, सहीसुद्धा असते.

मग मागण्या सुरू होतात :

फाईल चार्ज : २,५५० रुपये
कर्जाचा विमा : ९,८०० रुपये
जीएसटी : १८,००० रुपये
‘टीडीएस, नंतर परत मिळेल’ : २५,५०० रुपये
‘रिझर्व्ह बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र’ : ४०,००० रुपये

बेरीज झाली ९५,८५० रुपये. टनाला २,७०० रुपये भाव धरला तर हा साडेपस्तीस टन ऊस होतो. आपल्याकडे बऱ्यापैकी पिकलेल्या एका एकराचा सगळा ऊस गेला! अठरा हजार भरायला त्याने पत्नीचे दागिने गहाण टाकले, चाळीस हजार खासगी सावकाराकडून काढले. कर्जासाठी निघालेला माणूस कर्ज न मिळताच कर्जबाजारी झाला. शेवटी फोन बंद.

३. माणूस थांबत का नाही?

घरचे म्हणतात, ‘पहिल्या अडीच हजारालाच कळायला पाहिजे होतं.’ बोलायला सोपे आहे. बोअर घेताना काय होते ते आठवा. तीनशे फुटांवर पाणी नाही. गाडीवाला म्हणतो, ‘खाली ओल दिसतेय, आणखी पन्नास फूट घेऊ.’ साडेतीनशे झाले, तरी फुफाटाच उडतो. पण तोवर एवढा पैसा मातीत गेलेला असतो, की आता थांबलो तर सगळेच वाया गेले असे वाटते. म्हणून चारशे, म्हणून पाचशे. गेलेला पैसाच नवा पैसा ओढून नेतो.

ठग नेमका हाच धागा पकडतो. पहिली फी तो मुद्दाम लहान ठेवतो. ती त्याच्या कमाईसाठी नसते, आपल्याला फडात ओढण्यासाठी असते. पुढे दर वेळी ‘ही शेवटची, सर’ असे म्हणतो. बोअरच्या खाली निदान जमीन तरी असते आणि कधीतरी पाणी लागण्याची आशा असते. इथे खाली काहीच नसते. म्हणून गेलेल्या पैशाचा हिशेब पुढच्या पैशात धरायचा नाही. गेले ते गेले, पुढचा रुपया वाचला तो कमावला.

दुसरे कारण घाईचे. ‘आज पाच वाजेपर्यंत भरा, नाहीतर फाईल रद्द.’ तिसरे कारण गुप्ततेचे. ‘सध्या कोणाला सांगू नका, गावात कळलं तर सगळेच मागतील.’ घाई आणि गुपित ही जोडी एकत्र दिसली, की बैल बिथरला समजा आणि कासरा हातात घ्या.

४. फसण्याचा शिक्षणाशी संबंध नाही

हा धंदा आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांना पत्रे येत : ‘स्पेनच्या तुरुंगात एक धनवान कैदी आहे, त्याला सोडवायला थोडा खर्च करा, खजिन्यात वाटा मिळेल.’ खर्च वाढत जाई, कैदी काही सुटत नसे, कारण कैदी मुळात नसेच. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस नायजेरियातून अशीच पत्रे जगभर गेली. तिथल्या कायद्यातल्या कलमावरून या फसवणुकीला ‘चारशेएकोणीस’ हे नाव पडले. आपण ‘चारसोबीस’ म्हणतो, तसेच ते. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. कलम बदलले, धंदा तोच.

यात सापडले कोण, तर बँकेचा अधिकारीसुद्धा! ब्राझीलमधील बँको नोरोएस्ते या बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला १९९५ ते १९९८ या काळात गाठले गेले. समोरचा माणूस स्वतःला नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर म्हणवत होता. अबुजा शहरात नवा विमानतळ होणार आहे, त्यात पैसे घाला, कमिशन मिळेल, असे आमिष होते. विमानतळाचा ठेका कुठेच नव्हता. त्या अधिकाऱ्याच्या हातून बँकेचे सुमारे २४ कोटी २० लाख डॉलर गेले. बँक विकायला निघाली तेव्हा हिशेबात खड्डा सापडला. प्रमुख ठगाला नायजेरियात २००५ साली शिक्षा झाली. दिवसभर कर्जाच्या फायली तपासणारा माणूस फसला, तर आपल्याच माणसाला ‘अडाणी’ म्हणून हिणवण्यात काय अर्थ आहे?

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक जणांना चौकशीसाठी ताब्यात घेतले आणि सत्तर जणांना अटक केली. तिथून अमेरिकेत फोन करून ‘आम्ही आयकर खात्यातून बोलतो’ असे धमकावले जात होते. त्याच महिन्यात अमेरिकेत याच धर्तीच्या, अहमदाबादशी जोडलेल्या टोळीवर आरोपपत्र दाखल झाले. त्यात ५६ व्यक्ती आणि ५ कॉल सेंटरे होती. त्या आरोपपत्रात कर्जाचा प्रकारही आहे. गरजू अमेरिकन माणसाला कर्ज देऊ करायचे आणि ‘फेडायची ऐपत आहे हे दाखवण्यासाठी’ आधी पैसे भरायला लावायचे! जुलै २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या न्यायालयात २१ जणांना शिक्षा झाल्या. त्यातली मोठ्यात मोठी २० वर्षांची होती.

म्हणजे आपल्याकडच्या खोलीत बसलेली पोरे तिकडच्या लोकांना जो मंत्र म्हणत होती, तोच मंत्र आपल्या सभासदाला ऐकवला जातो. इंग्रजी येणारा फसतो आणि न येणाराही फसतो. फसवणूक गरजेला आणि लोभाला होते, डिग्रीला नाही.

५. गावात ती कोणत्या वेशात येते

मोबाईल टॉवर. ‘तुमच्या गटात टॉवर बसवू, महिना इतके हजार भाडे, वीस-तीस लाख अॅडव्हान्स, घरातल्या एकाला नोकरी. फक्त नोंदणी फी भरा.’ सोबत ट्रायचे म्हणून ना हरकत प्रमाणपत्र येते. वस्तुस्थिती अशी, की ट्राय टॉवरसाठी असे प्रमाणपत्र देत नाही आणि त्यासाठी कोणतीही फी किंवा कर घेत नाही, हे तिने स्वतः वारंवार जाहीर केले आहे. कंपनीला खरोखर जागा हवी असेल तर तिची माणसे बांधावर येऊन जागा पाहतील आणि भाडे तुम्हाला देतील. भाडेकरूने मालकाकडून पैसे घेतल्याचे कधी ऐकले आहे का?

केबीसीची लॉटरी. ‘पंचवीस लाख लागले’ असा आवाज व्हॉट्सॲपवर येतो. अनेकदा नंबरच्या सुरुवातीला ९२ असते, तो पाकिस्तानचा क्रमांक आहे. जे तिकीट काढलेच नाही, ते लागेल कसे?

मुद्रा कर्जाचे पत्र. प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या नावाने मंजुरीपत्र येते आणि फी मागितली जाते. मुद्रा ही संस्था कोणा व्यक्तीला थेट कर्ज देतच नाही. कर्ज बँक किंवा वित्तसंस्था देते. अशी पत्रे बनावट असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने वेळोवेळी जाहीर केले आहे.

तांब्याचे भांडे. तांदूळ ओढून घेणारे जुने भांडे आहे, परदेशातली अवकाश संस्था कोट्यवधीला घेणार आहे, फक्त तपासणीला येणाऱ्या शास्त्रज्ञांचा खर्च करा. मे २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी अशा प्रकरणात बाप-लेकाला अटक केली. अंतराळवीरासारखे चकचकीत कपडे घालून तपासणीचे सोंग आणत एका व्यापाऱ्याकडून १ कोटी ४३ लाख रुपये उकळल्याची तक्रार होती. गुप्तधनाची हाव आपल्या भागालाही नवी नाही.

अडकलेल्या ठेवी. हा वेश सगळ्यांत दुष्ट, कारण तो आधीच पोळलेल्या माणसाकडे जातो. आपल्या जिल्ह्यात याचे दुःख ताजे आहे. बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीने १२ ते १४ टक्के परताव्याचे आकर्षण दाखवून ठेवी घेतल्या. पैसे परत मिळेनासे झाल्यावर मे ते जुलै २०२४ मध्ये ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले आणि पुढे सक्तवसुली संचालनालयही तपासात उतरले. तो प्रकार ठेवींचा, आपल्या आजच्या धड्याहून वेगळा. पण ज्या घरात ठेव अडकली आहे, त्या घराचा पत्ता ठगाला हवाच असतो. ‘तुमची फाईल वर काढतो, दहा टक्के आधी द्या’ असे म्हणणारा भेटला, तर ती दुसरी फसवणूक समजावी.

सहाराच्या चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी १८ जुलै २०२३ रोजी केंद्राने परताव्याचे पोर्टल सुरू केले. त्यावर अर्ज करायला फी नाही. पीएसीएल म्हणजे ‘पर्ल’च्या गुंतवणूकदारांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली. तिथेही मूळ प्रमाणपत्रे भलत्याच्या हाती देऊ नका, असाच इशारा होता. सरकारी मार्गाने पैसे सावकाश येतात, कधी अर्धेच येतात. पण त्या मार्गावर दलालाला टक्का द्यावा लागत नाही.

६. मग खरी फी नसतेच का?

असते, आणि इथेच भल्याभल्यांचा गोंधळ होतो. बँक प्रक्रिया शुल्क घेते, गहाणखताला मुद्रांक लागतो, मूल्यांकनाचा खर्च असतो. ‘कोणतीही फी म्हणजे फसवणूक’ असे धरून बसलो, तर खऱ्या कामालाही मुकू. म्हणून फरक ओळखावा.

पीककर्जापासून सुरुवात करू. ३ लाखांपर्यंतच्या किसान क्रेडिट कार्ड कर्जाला प्रक्रिया, कागदपत्रे आणि तपासणी यांचे शुल्क २०१९ पासून माफ आहे. विनातारण पीककर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये झाली आहे. एवढ्या रकमेसाठी कोणी ‘फाईल चार्ज’ मागत असेल तर त्याला हेच सांगावे.

सौर पंपाचे उदाहरण घ्या. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला आपला हिस्सा भरावाच लागतो. सर्वसाधारण गटासाठी तो १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे. म्हणजे इथे आधी पैसे भरणे खरे आहे. पण ते महावितरणच्या अधिकृत पोर्टलवरून, अर्ज क्रमांकावर आणि पावतीवर. कुसुम योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून नोंदणी फी लुटली जाते, असा इशारा केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने दिलेला आहे. फी खरी असली तरी खिडकी खोटी असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

खाजगी वा सरकारी, कोणत्याही बँकेचे किरकोळ कर्ज घेताना १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘मुख्य तथ्य पत्रक’ मागण्याचा आपल्याला हक्क आहे. व्याज, सगळी शुल्के आणि वर्षाचा एकूण खर्च त्या कागदावर लिहिलेला असतो. जे शुल्क त्यावर नाही, ते आपल्या संमतीशिवाय पुढे घेता येत नाही. ठगाच्या फीचा असा कागद कधीच नसतो, ती रोज नवी उगवते.

७. पाच कारणे आणि त्यांची उत्तरे

‘जीएसटी भरावा लागेल.’ — कर्जाच्या रकमेवर जीएसटी नसतो. बँकेच्या शुल्कावर असतो आणि तो बँकच शुल्कासोबत घेते.

‘टीडीएस आधी भरा.’ — कर्ज हे उत्पन्न नाही, त्यावर टीडीएस कापला जात नाही. आणि टीडीएस या शब्दाचा अर्थच मुळात ‘देताना कापणे’ असा आहे. देण्याआधी तो भरायचा कुठून?

‘रिझर्व्ह बँकेने रक्कम अडवली आहे.’ — लोकांना वाटण्यासाठी कोणा व्यक्तीच्या नावाने पैसे ठेवण्याचे खाते आपल्याकडे नसते, असे रिझर्व्ह बँकेने अनेकदा जाहीर केले आहे. तुमच्या-माझ्या कर्जाला ती ना हरकत देत बसत नाही.

‘विम्याचा हप्ता भरा.’ — विमा असेल तर पॉलिसी क्रमांक आणि विमा कंपनीची पावती पाहिजे. हप्ता एखाद्या माणसाच्या नावच्या खात्यावर जात नसतो.

‘ही रक्कम परत मिळणार आहे.’ — परतच द्यायची असेल तर घेता कशाला?

एवढे पाठ झाले नाही तरी हरकत नाही. एकच वाक्य पाठ करावे, तेच ज्याच्यासाठी हा धडा लिहिला. ते वापरायचे असे :

‘साहेब, मंजूर किती झालं?’
‘दहा लाख, सर.’
‘मग हे दोन हजार पाचशे पन्नास त्यातूनच कापून घ्या. माझ्या खात्यावर नऊ लाख सत्त्याण्णव हजार चारशे पन्नास टाका.’
‘तसं सिस्टीममध्ये होत नाही, सर.’
‘आमच्या कारखान्यात तर प्रत्येक बिलाला होतं!’

खरा बँकवाला म्हणेल, ‘शाखेत या, काय ते समोरासमोर बोलू.’ खोटा माणूस शंभर कारणे देईल, रागावेल, फाईल रद्द करण्याची धमकी देईल. रद्द होऊ द्यावी. जी फाईल नव्हतीच, ती रद्द होऊन काय जाणार?

८. पैसे गेलेच असतील तर

पहिले काम, पुढचा रुपया थांबवा. दुसरे काम, १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातो. तो कुठे तरी थांबलेला असतानाच तक्रार पोहोचली तर गोठवता येतो. म्हणून ‘उद्या बाजारला गेल्यावर बघू’ असे म्हणू नये, तासातासाला महत्त्व आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. तिसरे, आपल्या बँकेला कळवून खाते सांभाळा. चौथे, मेसेज, ध्वनिमुद्रण, मंजुरीपत्र, पैसे पाठवल्याच्या पावत्या काहीही पुसू नका. लाजेने पुसले तर पुरावा गेला. पाचवे, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.

आणखी एक सावधगिरी तरुण पोरांसाठी. ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असे कोणी म्हणाले तर साफ नाही म्हणावे. चोरीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो आणि पोलीस सर्वांत आधी खातेदाराच्या दारात येतात. आपल्याच गावच्या काकाचे पैसे आपल्याच पोराच्या खात्यातून गेले, असे होऊ नये.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. फसलेला माणूस घरी सांगत नाही. बायको काय म्हणेल, भाऊ काय म्हणेल, पारावर हसतील, या भीतीने तो गप्प राहतो आणि खड्डा भरायला पुन्हा सावकाराकडे जातो. ठगाने नेले त्याहून जास्त या गप्पपणाने जाते. जमीन जाते, कधी जीवही जातो. आपल्या जिल्ह्याने अशी घरे पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून घरात कोणी असे सांगितले तर पहिला शब्द रागाचा नसावा. ‘किती गेले?’ हे नंतर विचारावे. आधी म्हणावे, ‘बरं झालं सांगितलंस. चल, फोन लावू.’

धडा संपला. आज रात्री जेवणे झाल्यावर घरच्यांना हे चार प्रश्न विचारावेत :

१. ऊसबिलातली कपात आधी भरावी लागते की बिलातून वजा होते?
२. आपल्याला पैसे देणारा आपल्याकडेच आधी पैसे का मागेल?
३. सौर पंपाचा हिस्सा भरायचा तर कोणत्या खिडकीवर?
४. पैसे गेले तर पहिला फोन कोणत्या नंबरवर?

चारही उत्तरे आली तर धडा पास. शंका असेल तर पैसे भरण्याआधी गट ऑफिसला या, सोसायटीच्या सचिवांना विचारा, बँकेच्या शाखेत जा. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि तेवढाही वेळ नसेल, तर फोनवरच्या माणसाला एकच म्हणावे : ‘त्यातूनच कापून घ्या!’

आपला,
सभासद शिक्षण विभाग